पाणी घरंगळते, पण लोखंड गंजते : कार्बन लेपाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्या पाणीरोधक कार्बन लेपाखाली चौकटी गंजल्याबाबत व पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

उघड्यावर बसवल्या जाणाऱ्या पंपांसाठी लोखंडी चौकटी करून देणे हा माझा व्यवसाय आहे. सात महिन्यांपूर्वी मी आपला लेप घेतला. पहिल्याच दिवशी पट्टीवर पाणी टाकले, तर ते अळवाच्या पानावरून जावे तसे घरंगळून गेले. त्या विश्वासावर १४ चौकटींना लेप दिला आणि गंज येणार नाही असा शब्द मी स्वतः ग्राहकांना दिला. त्यातल्या ९ चौकटी आज गंजल्या आहेत.

गंज सगळीकडे सारखा नाही. बोल्टच्या भोकांच्या कडा आणि पाना घसरून ओरखडा पडला त्या जागा, एवढ्याच ठिकाणी तो आहे. वरून रेघ केसाएवढी दिसते, पण आत खोल खड्डा आहे आणि आजूबाजूचा लेप फुगून उचलला गेला आहे. आपले प्रतिनिधी फोनवर म्हणाले, "ओरखडा पडला म्हणजे वापरताना चूक झाली." चौकट म्हटली की बोल्ट आवळावे लागणार आणि पाना लागणारच. यात चूक कसली?

खरे कारण आपल्याला माहीत असायला हवे. या लेपातला कार्बन वीज वाहून नेतो. खारट ओल लागली की लेपाचा सगळा पृष्ठभाग कॅथोड (विजेच्या जोडीतली न झिजणारी बाजू) होतो आणि ओरखड्यातले तेवढेच लोखंड ॲनोड (झिजणारी बाजू). एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचा भार त्या चिमूटभर लोखंडावर पडतो आणि ते वेगाने झिजते. जस्ताचे नेमके उलट असते, ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. २०१३ मध्ये संशोधकांनी तांब्यावरच्या ग्राफीनबद्दल (कार्बनच्या एका अणूएवढ्या पातळ थराबद्दल) हेच दाखवले होते : सुरुवातीला संरक्षण मिळते, पण दीर्घकाळात तांबे उघडे ठेवले असते त्यापेक्षाही जास्त खराब होते.

खात्रीसाठी मी तीन पट्ट्या घेतल्या : एक कोरी, एकीला जस्ताचा प्रायमर, एकीला आपला लेप. तिन्हींवर कटरने फुली मारली आणि २० दिवस सकाळ-संध्याकाळ मिठाचे पाणी फवारले. कोरी पट्टी सगळीकडून लाल झाली, पण गंज वरवरचा होता. प्रायमरच्या फुलीत फक्त पांढरट भुकटी दिसली. आपल्या पट्टीवर बाकी सगळे काळे, कोरडे, सुंदर. फुली घासून साफ केली तर खड्ड्यात नख अडकले.

दवाचाही विचार झालेला दिसत नाही. वरून पडणारा थेंब लेपाच्या बारीक खडबडीतल्या हवेवर तरंगतो, म्हणून घरंगळतो. दव मात्र त्या फटींमध्येच तयार होते, हवेची जागा घेते आणि तिथेच चिकटून राहते. पहाटे माझ्या चौकटी चक्क ओल्या असतात. हात फिरून फिरून खडबडीतपणा गेला, तिथे तर थेंबही घरंगळत नाही.

आपल्या माहितीपत्रकात संपर्क कोन (थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन; तो जितका मोठा तितके पाणी कमी चिकटते) १५० अंशांहून जास्त असल्याचे ठळक छापले आहे. तो आकडा खरा असेल, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण पाणी न धरणे आणि गंज न येणे या दोन गोष्टी एक नाहीत, आणि डब्यावर आपण "गंजापासून संपूर्ण संरक्षण" असे लिहिले आहे. आयएसओ ९२२७ या गंज-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात, मुद्दाम चरा पाडलेल्या पट्टीवर चाचणी केली असेल तर तिचा अहवाल मला पाठवा. केली नसेल तर तसे लेखी कळवा.

लेपाची पूर्ण किंमत आणि ९ चौकटी ब्लास्टिंग करून (बारीक कणांच्या माऱ्याने साफ करून) पुन्हा रंगवण्याचा खर्च मला मिळावा. लेपाखाली कोणता प्रायमर हवा होता, हेही सांगा; माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. उरलेल्या ५ चौकटी अजून लोकांकडे चालू आहेत, म्हणून १५ दिवसांत उत्तर हवे आहे.

तिन्ही पट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत. आपल्या तंत्रज्ञाने येऊन त्या हातात घेऊन पाहाव्यात.

कळावे,
आपला एक ग्राहक