खरेदी कक्षाला नियम कोण शिकवणार?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा रबर गॅस्केटचा छोटा कारखाना आहे. गेल्या महिन्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयाची निविदा भरली. लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचे उद्यम प्रमाणपत्र जोडले होते, तरी बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) भरली नाही म्हणून निविदा बाद! केंद्राच्याच २०१२ च्या खरेदी धोरणानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांना ही रक्कम माफ आहे, हे फोनवर सांगितले. पलीकडचे साहेब म्हणाले, "असं काही आमच्याकडे आलेलं नाही." त्यांचा राग नाही आला, तीन महिन्यांपूर्वी ते आस्थापना शाखेत रजेचे अर्ज बघत होते.

याच धोरणात वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के आमच्याकडून, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांकडून घ्यायची आहे. बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. अमेरिकेत संघीय कंत्राट अधिकाऱ्यांना प्रमाणपत्र मिळवावे लागते, शिवाय ते टिकवायला ठरावीक तासांचे प्रशिक्षणही. आपल्याकडे वाहन चालवायला परवाना लागतो, कोट्यवधींची खरेदी करायला मात्र बदलीचा आदेश पुरतो. खरेदी कक्षात नेमण्याआधी परीक्षा सक्तीची करावी, आणि निदान तीन वर्षे त्या माणसाला तिथून हलवू नये.

— एक लघुउद्योजक, नाशिक