स्वभावावर खापर फोडण्याआधी

नागपूर

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "पुस्तक घेऊन बसते, पण एक ओळ डोक्यात शिरत नाही. सगळ्यांवर खेकसते. माझा स्वभावच असा झालाय, आई." ते शेवटचं वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. स्वभावावर खापर फोडायची एवढी घाई नको करूस, बेटा. आधी रक्त तपासून घे.

तू सातवीत होतीस तेव्हाचं आठवतं का तुला? मे महिना, नागपूर ४५ अंशांवर, तू आणि बाबा घामाघूम, आणि मी म्हणायचे, कूलर बंद करा, थंडी वाजते. शाळा सुरू झाली तर हजेरी घेताना ओळखीच्या मुलांची नावं ओठावर येईनात. कंगव्यात केसांचे गुंतेच्या गुंते. कपडे वाळत घालता घालता उगाच रडू यायचं. कोणी म्हणालं आळस, कोणी म्हणालं वयाचं टेन्शन. एका डॉक्टरांनी टॉनिक लिहून देऊन वाटेला लावलं. तुझी आजी तेवढी रोज विचारायची, "काहून वं, बरं वाटत नाही का तुले?" शेवटी धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी गळ्यावर बोटं ठेवून मला घोट गिळायला लावला आणि टीएसएच तपासायला सांगितली.

हा टीएसएचचा आकडा नीट समजून घे, कारण त्यात भलेभले गोंधळतात. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी गळ्यातल्या थायरॉइडला टीएसएच पाठवून हाक मारत असते. थायरॉइडने दाद दिली नाही की हाकेचा आवाज चढतो. म्हणून रिपोर्टात आकडा मोठा आणि अंगात थायरॉइडचं हार्मोन कमी, असं उलटं दिसतं. हे हार्मोन शरीरभरच्या पेशींच्या कामाचा वेग सांभाळतं, मेंदूच्यासुद्धा. ते कमी पडलं की विचार रेंगाळतात, लक्ष टिकत नाही, मन उदास होतं. जास्त झालं की छाती धडधडते, झोप उडते आणि माणूस एवढ्यातेवढ्यावरून भडकतो. लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांनी १९४९ साली अशा १४ रुग्णांची नोंद छापली, ज्यांना थायरॉइड मंदावल्यामुळे चक्क वेडाचे झटके येत होते. थायरॉइडचा उपचार सुरू केल्यावर त्यांतले बहुतेक सुधारले. लोकांनी त्यांना काय काय नावं ठेवली असतील, या विचाराने माझा जीव कळवळतो.

माझ्या दुखण्याला हाशिमोटो म्हणतात. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच उलटते. ते बायकांमध्ये कितीतरी जास्त आढळतं आणि घराण्यात चालतं, म्हणून तुझ्या मागे लागले आहे.

लॅबमध्ये सकाळीच जा. टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नाही. पण केसांसाठी तू त्या बायोटिनच्या गोळ्या घेतेस ना, त्या निदान दोन दिवस आधी बंद कर आणि लॅबवाल्यांना तसं सांग. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएचचा आकडा खोटाच कमी येतो. हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिनही करून घे. आणि हो, त्या मैत्रिणीच्या डबीतली थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या हार्मोनची, गोळी "घेऊन तर बघू" म्हणून अजिबात घ्यायची नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला तरी तुझा त्रास खोटा ठरत नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन झपाट्याने उतरतं. सगळ्या बायकांचं उतरतं, पण काहींच्या मेंदूला तो बदल फार जाणवतो, आणि रक्ताच्या तपासणीत त्याचा पत्ता लागत नाही. तो वहीतच सापडतो. सलग दोन पाळ्या रोज रात्री दोन ओळी लिही: चिडचिड किती, झोप किती, अभ्यासात लक्ष किती. डॉक्टरांना ती वही दाखव. जागरणाचं मी वेगळं काय सांगू! रात्री दोनपर्यंत डोळ्यांसमोर मोबाइल धरलास तर झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन दबून राहतं, एवढं तुलाही माहीत आहे.

रूममेटवर ओरडलीस म्हणालीस, तिची माफी मात्र आजच माग. त्यासाठी रिपोर्टची वाट बघायला नको.

आणि गोळी लागलीच, तर डोकं दुखल्यावर घेतो तशी ती तासाभरात गुण देत नाही. पुढची तपासणीसुद्धा सहा ते आठ आठवड्यांनी करतात, कारण हार्मोनची पातळी स्थिरावायलाच तेवढा वेळ लागतो. मला वर्गातली नावं पुन्हा पटापट आठवायला लागली ती दिवाळीच्या सुमारास. तोवर मार्कांवरून स्वतःला बोल लावायचा नाही.

रिपोर्टाचा फोटो आधी मला पाठव. बाबांना मी सांगेन.

तुझी,
आई