धाकट्या भावंडांसकट प्रेमकथा लिहा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला प्रेमकादंबऱ्यांवरचा लेख वाचला. खेड्यातला वाचक त्या घटकाभराच्या विरंगुळ्यासाठी वाचतो, असा त्याचा सूर होता. मी राळेगाव तालुक्यातला कास्तकार आहे. कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. संध्याकाळी गावातलं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानातलं सगळ्यात लहान, वाचनालय उघडतो. प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचतो, आणि माझं त्यांच्याकडे मागणं विरंगुळ्याहून मोठं आहे.

आई आजारपणात गेली. पुढे कर्जापायी वडिलांनी जीव दिला. माझी तेव्हा नुकती बारावी झाली होती. पाठीवर दोन बहिणी आणि धाकटा, तो दुसरीत. प्रकरण सरकारी मदतीला 'पात्र' ठरलं. त्या मदतीच्या एक लाखातले ३० हजार हाती येतात आणि ७० हजार ठेव म्हणून बँकेत राहतात, हे तेव्हा कळलं. तेरवीच्या दिवशीच नातेवाइकांनी आमची वाटणी ठरवली. एक बहीण मामाकडे, दुसरी आत्याकडे, धाकटा वसतिगृहात. मी नाही म्हटलं. त्या रात्री शेजारची आजी आपली वाकळ घेऊन आमच्या ओसरीत आली. ना नात्याची, ना जातीची. "पोट्टेहो, भेऊ नका, मी इथंच झोपत जाईन," म्हणाली, आणि शेवटपर्यंत आमच्यातच राहिली.

अशी घरं कादंबऱ्यांत येतात, पण कशी? थोरली बहीण असली की तिची देवी करतात. ती सगळ्यांची लग्नं लावून देते, तिचे केस पिकतात आणि शेवटच्या पानावर भाऊ तिच्या पाया पडतो. थोरला भाऊ असला तर नायिका घरात येण्याआधी भावंडांची कुठेतरी सोय लावून टाकतात. लहान लेकरं आहेत म्हणजे प्रेमाला जागा नाही, हे दोन्हीकडे धरूनच चाललेलं असतं.

आमच्या घरी प्रेम आलं ते लेकरांमुळेच. आजी गेल्यानंतर मधलीला न्हाण आलं. काय करावं ते न कळून मी ओसरीत उभा. गावात शिवणवर्ग चालवायला येणारी मुलगी घरी आली, आत बसून मधलीशी बराच वेळ बोलली. निघताना मला म्हणाली, "तिला गरम पाणी द्या. अन् असं तोंड करून फिरू नका, ती भेते." पुढे मी लग्नाचं विचारलं तेव्हा हो म्हणण्याआधी तिने एकच गोष्ट पक्की करून घेतली, "ह्या पोरांना कुठं धाडणार तर नाही ना?" तिला भाऊ नव्हता. लग्नात नवरदेवाचा कान पिळायला माझाच धाकटा तिच्या बाजूने उभा राहिला, आणि शर्टाचं कापड कबूल करून घेतल्यावरच त्याने माझा कान सोडला.

लेखकांनी हे लिहावं. शाळेच्या फॉर्मवर विशीतल्या मुलीने 'पालक' म्हणून केलेली सही बाबू परत करतो, तो प्रसंग लिहावा. बालसंगोपन योजनेत आता एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात. त्यासाठी मृत्यूचे दाखले आणि पासबुक पिशवीत घालून यवतमाळला खेटे घालणारी नायिका असू द्या, आणि एसटीत तिच्या झोपलेल्या भावाला मांडीवर घेऊन बसलेला तो असू द्या. वेचणीच्या दिवसांत दोघांना बोलायला वेळ कुठला मिळतो, तेही येऊ द्या.

धाकट्यांचा रागही लिहा. नवं माणूस घरात आलं की लहानगा ताटावरून उठून जातो, थोरल्याशी बोलणं टाकतो. त्याला वाटतं, आईबाप गेले तसा आता हाही जाणार. त्याची ही भीती फिटेपर्यंत जो थांबतो, तो मला खरा नायक वाटतो. अशी थांबणारी माणसं मी पाहिली आहेत. पुस्तकांत फार कमी भेटली.

थोरल्याने आईबापाची जागा घेणं आपल्याला परकं नाही. निवृत्तीनाथांनी पाठच्या तिघांना सांभाळलं, ही कथा आमच्याकडे कीर्तनात रंगते. पण आजच्या थोरल्याला संत करू नका. त्याला पंचविशीचं माणूस राहू द्या. त्याला कुणी आवडू द्या.

वाचनालयात एक मुलगी येते. दोन धाकटे भाऊ तीच सांभाळते. प्रेमाचं पुस्तक ती ओढणीआड धरून नेते, कारण "तुला आता भावांचं पाहायचं, तुझं काय?" हे तिला येता-जाता ऐकावं लागतं. तिला देण्यासारखं पुस्तक मी कपाटात शोधतो. नायिका भावंडांना घेऊन सुखी झाली, कुणाला दूर न लोटता तिचा संसार उभा राहिला, असं एकही पुस्तक मला तिच्या हाती देता येत नाही.

आपल्या पुरवणीत दरवर्षी एक कादंबरी क्रमशः येते. पुढची निवडताना ह्याचा विचार व्हावा. पुस्तक निघालं तर आमच्या वाचनालयाला दोन प्रती लागतील.

— एक कास्तकार वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, ही विनंती.)