स्थळ पाहताना रंग, दवाखान्यात मौन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी गेली २२ वर्षे ब्रिटनमधील लेस्टर येथे राहते. मुलीचे स्थळ सांगून आले की तिचा रंग कसा आहे, हे आमच्याकडे इथेही पहिल्या पाच मिनिटांत विचारले जाते. दवाखान्यात मात्र त्याच रंगाचा विषय ना डॉक्टर काढतात, ना आम्ही.

जानेवारी २०२१ मध्ये माझ्या सासूबाई करोनाने घरीच आजारी होत्या. त्या काळ्या आहेत ('सावळ्या' हा शब्द आम्ही मन राखण्यासाठी वापरतो). ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारे उपकरण) ९५ टक्के दाखवत होता आणि आकडा ९२ किंवा त्याखाली गेला तरच रुग्णवाहिका बोलवावी, अशी सूचना असल्यामुळे, त्यांना बोलतानाही धाप लागते हे दिसत असून आम्ही दोन दिवस त्या आकड्यावर विसंबून काढले. रुग्णालयात धमनीतले रक्त तपासले तेव्हा प्राणवायू बराच कमी निघाला. सुदैवाने त्या वाचल्या.

ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश सोडून प्राणवायूचा अंदाज बांधतो, त्वचेला गडद रंग देणारे मेलॅनिन त्यातला काही प्रकाश शोषते आणि चाचण्या मुख्यतः गोऱ्या कातडीवर झालेल्या असल्याने गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्षात प्राणवायू ८८च्या खाली असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. वैद्यकीय उपकरणांतला असा भेद तपासण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्रा. मार्गारेट व्हाइटहेड यांच्या समितीचा अहवाल मात्र मार्च २०२४ मध्ये आला. म्हणजे आमच्या घरातला प्रसंग उलटून तीन वर्षे झाल्यावर.

तरीही सगळा दोष यंत्राला देऊन मोकळे होणे मला पटत नाही. 'माझ्या कातडीवर हा आकडा बरोबर येतो का?' असे विचारायला आम्हीच लाजतो. याच लाजेपायी गोरे करणारी क्रीमही डॉक्टरांपासून लपवली जातात. त्यांतल्या काहींत मूत्रपिंडाला घातक असा पारा असतो, काहींत त्वचा पातळ करणारे स्टिरॉइड. माझ्या नात्यातल्या एका मुलीने डॉक्टरांना 'काहीच लावत नाही' असे माझ्यादेखत सांगितले, तेव्हा ती ट्यूब तिच्या पर्समध्ये होती.

परदेशातील मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी औषधांची यादी छापाल तेव्हा तिच्यासोबत एवढेही छापावे, ही विनंती: एका आकड्यावर थांबू नका, तो दिवसागणिक उतरतो आहे का ते पाहा, आणि धाप लागत असेल तर आकडा काहीही असो, रुग्णवाहिका बोलवा.

आपली नम्र,
एक वाचक, लेस्टर