गाडी पुण्यालाच राहू दे

जेलरोड, नाशिकरोड
रविवार

प्रिय संज्या,

सातपूरच्या नोकरीचं पक्कं झालं, फार बरं झालं. इतकी वर्षं पुण्यात काढून तू परत आपल्या गल्लीत राहायला येणार. काकूंनी आतापासूनच माळा आवरायला काढलाय, आणि तुझी जुनी कॅरमची फळी मला 'घेऊन जा' म्हणून विचारून झालंय. मी नको म्हटलं. ती तू आल्यावर लागेल.

आता तुझा प्रश्न. "गाडी आणू, का एप्रिलपर्यंत हिच्याकडेच ठेवू? बसने जमेल का?" असं तू विचारलंस आणि मी नुसतं "बघतो" म्हणालो, कारण हे अंगठ्याने दोन ओळींत लिहिण्यासारखं प्रकरण नाही. मी या रस्त्यावर आधी गाडीने जायचो, आता बहुतेक दिवस बसने जातो. तेव्हा ऐक.

आपल्या लहानपणी नाशिकरोडचा माणूस नाशिकरोडलाच कामाला असायचा. काका सरकारी प्रेसमध्ये, भोंग्याच्या हिशेबाने सायकल बाहेर काढायची आणि दहा मिनिटांत गेटवर. सातपूर म्हणजे आपल्याला परगाव होतं. नकाशा डोळ्यांसमोर आण. आपण शहराच्या आग्नेय टोकाला, तुझी कंपनी पश्चिमेला पपया नर्सरीच्या अलीकडे, आणि मध्ये अख्खं नाशिक आडवं पडलेलं. सोळा-सतरा किलोमीटर. पुण्याच्या मानाने काहीच नाही म्हणशील, पण या वाटेवर अंतर मोजायचं नसतं, द्वारका मोजायची असते.

बिटको, दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर, इथपर्यंत पुणे रोड बरा चालतो. गांधीनगरला लष्कराच्या वैमानिक शाळेची हेलिकॉप्टरं अजूनही डोक्यावर घिरट्या घालतात. बसमध्ये असलास तर मान वर करून बघता येतं, गाडीत असलास तर पुढच्या टेम्पोचा दिवा बघायचा. मग द्वारका. तिथे आपला रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला भिडतो. २०१३ साली उड्डाणपूल झाला तेव्हा सगळे म्हणाले, सुटलो. सुटला तो महामार्ग. धुळ्याहून मुंबईला जाणारा वरून भुर्रकन जातो, आणि तुला-मला महामार्ग ओलांडून गावात शिरायचं असतं, म्हणून आपण खालीच. जुन्या गावातून येणारे, पंचवटीकडून येणारे, मुंबई नाक्याकडे वळणारे, रिक्षा, ट्रक, सगळे त्या एका चौकात. तिथे तुझ्या गाडीला वेगळी वाट नाही, बसलाही नाही. दोघं त्याच सिग्नलला उभे. गाडीने धडाधड पोचू हा जो हिशेब असतो ना, तो तिथेच अर्धा संपतो.

बाकी अर्धा खरा आहे, तो लपवत नाही. सकाळी गाडीने पाऊण ते एक तास लागतो. बसला सव्वा तासाच्या आसपास, वर थांब्यावरची दहा-पंधरा मिनिटं. थेट सातपूरकडची बस मिळाली तर उत्तम, नाहीतर सीबीएसला, म्हणजे मधल्या मुख्य बसस्थानकाला, उतरून बदलायची. समोरून येणाऱ्या बसगाड्या द्वारकेलाच अडकलेल्या असल्या की इकडे बराच वेळ काही येत नाही आणि मग एकापाठोपाठ दोन येतात. अशा वेळी मी शेअर रिक्षाने शालिमार गाठतो आणि पुढचं पुढे. थंडीत हे चालतं. जुलैत छत्री, डबा आणि बॅग सांभाळत उभं राहायला जीव नकोसा होतो.

आता तू म्हणशील, द्वारका टाळून जाऊ. जाता येतं. विहितगाव, वडनेर गेट, पाथर्डी गाव, पाथर्डी फाटा, मग अंबडमधून एक्सलो पॉइंट आणि लिंक रोडने सातपूर. सकाळी साडेसातच्या आत निघालास तर हा रस्ता सुंदर आहे. दोन्ही बाजूंना मळे, थंडीत धुकं. इथे बस तुझ्या उपयोगाची नाही, इथे गाडीच. पण संध्याकाळी पाळी सुटली की अंबडचे सगळे कामगार दुचाकीवर त्याच रस्त्याला, आणि वडनेरच्या पट्ट्यात अंधार. तिथल्या बिबट्याच्या बातम्या तू वाचतोसच. बंद गाडीत बिबट्याची भीती कसली, पण अंधारात दिवे बंद ठेवून येणाऱ्या मोटरसायकलींची मला खरीच भीती वाटते.

मोटरसायकलवरून आठवलं, नाशिकचं खरं उत्तर तेच आहे. अर्धं गाव दुचाकीवर. पण तुझी मान आणि कंबर बघता डॉक्टरांच्या आधी वहिनीच नाही म्हणतील.

पैशाचं पटकन सांगतो. जाऊन-येऊन चौतीस किलोमीटर. शहरात तुझी गाडी तेरा-चौदाच्या वर देणार नाही, म्हणजे रोज अडीच लिटर. पेट्रोल १०४ रुपये धर. महिन्याच्या २५ दिवसांचे साडेसहा हजार नुसते जाळायचे. क्लचप्लेट द्वारकेला अर्पण, ती वेगळी. बसला याच्या निम्मेही लागत नाहीत, आणि महिन्याचा पास काढलास तर आणखी कमी. पण खरं सांगू का, पैशासाठी बस धर असं मी तुला म्हणणार नाही. तुझ्या पगाराला साडेसहा हजार जड नाहीत.

मी म्हणतोय ते तुझ्या स्वभावामुळे. मागे पुण्यात तुझ्या शेजारी बसून स्वारगेट ते वारजे आलो होतो. तू एरवी देवमाणूस, पण स्टिअरिंग हातात आलं की प्रत्येक रिक्षावाला तुझा वैरी. घरी पोचलो तेव्हा वहिनींनी चहा विचारला तर तू त्यांच्यावरही खेकसलास, आणि तुला ते कळलंसुद्धा नाही. इथे घरी कोण असणार? काका, ज्यांना आता एक गोष्ट तीनदा सांगावी लागते. रोजचे दोन तास क्लच दाबून त्यांच्यासमोर जाऊन बसू नकोस. मी बसमध्ये काही थोर करत नाही. जाताना उपनगरनंतर डोळा लागतो, येताना मोबाईलवर क्रिकेट बघतो, शेजारचा बोलका निघाला तर कांद्याचा भाव कळतो. पण घरी येतो तेव्हा डोकं जागेवर असतं.

तू गेलास तेव्हा शहरातही एसटीच धावायची. ८ जुलै २०२१ पासून शहर बस महापालिकेकडे आली, सिटीलिंक नावाने. डिझेलच्या आणि सीएनजीच्या गाड्या आहेत, ॲपवर तिकीट निघतं, बस कुठे आहे तेही दिसतं. एक युक्ती मात्र लक्षात ठेव. बिटकोला चढू नकोस. तिथे येईपर्यंत खिडक्या गेलेल्या असतात. पाच-सात मिनिटं जास्त चाल आणि स्टेशनच्या स्टँडवरूनच बस, म्हणजे सातपूरपर्यंत बूड टेकलेलं राहतं. तुझी कंपनी त्र्यंबक रोडवरच आहे हे तुझं नशीब. उतरून गेटपर्यंत चालत जाशील. आत अंबडच्या एखाद्या प्लॉटवर असती तर मीच म्हटलं असतं, गाडी आण.

श्रावणी सोमवारी मात्र दोन्हीचं काही खरं नाही. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, आदल्या दिवसापासून सगळं गाव त्र्यंबकच्या दिशेने. त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेव. शिवाय २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय, कामं निघाली की आजचा रस्ता उद्या असेल याची खात्री नाही. आणि कुणी मेट्रोचं सांगितलं तर हसून सोडून दे. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या निओ मेट्रोला २०९२ कोटी जाहीर झाले होते. द्वारकेला उभा राहून मी तिचा एक खांब शोधत असतो.

तर माझं म्हणणं, एप्रिलपर्यंत गाडी वहिनींकडेच राहू दे. पोरांची शाळा, क्लास, त्यांची धावपळ तुझ्यापेक्षा मोठी आहे. शाळा संपून सगळे इकडे आले की मग पावसाळ्यापुरती गाडी काढ, वडनेरच्या रस्त्याने, सकाळी लवकर. काकांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय, ही तुझी खरी काळजी आहे हे मला माहीत आहे, तू ती लिहिली नाहीस एवढंच. माझी गाडी आठवड्यातले पाच दिवस दारातच उभी असते. दुसरी किल्ली उद्याच काकूंकडे देतो. त्यांना चालवता येत नाही, पण समोरच्या बिऱ्हाडातल्या पोराला येते, त्याच्याशी बोलून ठेवलंय.

पहिल्या दिवशी मात्र बसच्या भानगडीत पडू नकोस. रुजू होताना उशीर नको. सात वाजता खाली उभा राहा, मी सोडतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिल्या

ता. क. पासासाठी फोटो आणि आधारची झेरॉक्स आणून ठेव. आणि जुना फोटो नको, त्यात तुला केस आहेत.