मावशी कापून द्या म्हणतात

वाळपई, रविवार

प्रिय उदय,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या उधार ठेव. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो तेवढाच. ही गोष्ट बाबलला सांगितली तर हसेल, आणि आमची ही म्हणेल, देऊन टाका एकदाचा.

पणजीत प्रदर्शन आहे. आपला म्हादई नदीचा फोटो मागितलाय, धुक्यातला. फक्त कोपऱ्यात बोंडू वेचणारी शेवंतीमावशी कापून हवी. रान निर्मनुष्य दिसायला हवं म्हणे!

तू लगेच ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया काढणार. 1983 ची निवडणूक, धरणाला विरोध म्हणून छायाचित्रकार डोम्ब्रोव्स्किसचा फ्रँकलिन नदीचा फोटो वर्तमानपत्रात पानभर, सरकार बदललं, जुलैत कोर्टाने धरण अडवलं. एका फ्रेमने देश वळवला, हे तुझं पालुपद. अरे, तिथल्याच ट्रुखानास या छायाचित्रकारानेही पेडर तळं वाचवायला त्याच्या स्लाइड्स सभागृहं भरभरून दाखवल्या होत्या. 1972 त तळं धरणाच्या पाण्याखाली बुडालंच. फ्रँकलिनला हजारावर माणसं अटक करून घ्यायला तयार झाली, ते विसरतोस. आणि त्या फोटोत माणूस नसला तरी त्याच खोऱ्यातल्या कुटिकिना गुहेत हिमयुगातल्या माणसांची हत्यारं निघाली. खटल्यात त्या गुहाही आल्याच. फ्रेमबाहेरची माणसं अशी कोर्टात उभी राहिली.

आपल्याकडे तरी काय? मोलेचं जंगल वाचवायला फोटो, चित्रं खूप फिरली. पण 2020 च्या नोव्हेंबरात चांदर गावात लोक रात्री रेल्वेच्या रुळांवर बसले, ते मला जास्त आठवतं. 2022 त सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली.

आपल्या सत्तरी तालुक्यात मात्र गाठ वेगळी आहे. गोळावलीला चार वाघ मेले, मग 2023 त उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं, तेव्हापासून अर्ध्या गावाला वाटतं, आता आपल्याला हुसकावणार. वाघ हवा असं मी चहाच्या दुकानात बोललो की शाणूकाका कप घेऊन बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या लोकांसमोर मी मावशीचीच काजूबाग मावशीशिवाय टांगू? ती बघायला येणार, लेकीला घेऊन. तिला काय सांगू, प्रकाश चांगला होता?

शटर कोणी दाबलं हा आपला वाद अजून आहेच. सोयीसाठी आज फोटो तुझा समजतो, म्हणजे नकारही तूच कळव. भाषा जरा सभ्य ठेव.

नवं घर लागलं का? सईचा निकाल? वहिनींना नमस्कार. निगेटिव्ह तुझ्याकडेच आहे. कोणी मागायला आलं तर वाळवीने खाल्ली म्हण.

तुझा,
विनू