विमान मुलांनाच जोडू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत उन्हाळी शिबिरांची माहिती आली आहे. त्यात ‘विमानविद्या’ या नावाखाली जी शिबिरं दिली आहेत, त्यांच्याबद्दल हे पत्र. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीतल्या आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मी फोमचे, रिमोटवर उडणारे इलेक्ट्रिक ग्लायडर जोडते, म्हणून हे लिहायचा अधिकार आहे असं मला वाटतं.

अशा एका शिबिराला मी मुद्दाम जाऊन आले. विमानं जोडून, तपासून, बॅटरी भरून तयार ठेवलेली होती. मुलांनी रांग लावायची, आपली पाळी आली की प्रशिक्षकाच्या हाताखाली काही मिनिटं ट्रान्समीटर (हातातला रिमोट) धरायचा, फोटो काढायचा आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जायचं. पालक खूश होते. पण विमानाच्या शेपटीवरची पट्टी वर उचलली की नाक वर का जातं, हे त्या रांगेतल्या एकाही मुलाला सांगता आलं नाही. त्यात मुलांचा काही दोष नाही. त्यांना हात लावू दिला असता तर ते आपोआप कळलं असतं.

फोमचा संच म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जर्मनीच्या मल्टिप्लेक्स कंपनीचा ‘ईझी ग्लायडर’ हा या प्रकारातला नावाजलेला संच. पंखांचा विस्तार सुमारे १.८ मीटर आणि सगळं जोडून झाल्यावर वजन एक किलोच्या आसपास. खोक्यात साच्यातून काढलेले पांढऱ्या फोमचे भाग असतात. विमानाचं धड उभं चिरल्यासारखं दोन भागांत येतं. मोटर, तिचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर, रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर, विमानाच्या पट्ट्या हलवणारे छोटे सर्व्हो आणि बॅटरी हे सगळं बहुधा वेगळं घ्यावं लागतं. हे स्वस्त नाही, म्हणून आम्ही सगळ्यांत मिळून एकच संच आणतो. एका टेबलाभोवती चार-पाच मुलं बसली की तो पुरतोही.

पहिला धडा गोंदाचा. हा फोम लवचिक असतो, त्याला झटपट चिकटणारा सायनो गोंद चालतो. तोच गोंद पॅकिंगच्या थर्माकोलला लावला तर थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. मी मुलांना दोन्हींचे तुकडे देते आणि बघा म्हणते. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी शेपटीकडे जाणाऱ्या तारांच्या नळ्या आत बसवाव्या लागतात, कारण धड एकदा मिटलं की आत हात जात नाही. त्यामुळे गोंदाची बाटली उघडण्याआधी संपूर्ण पुस्तिका वाचायची, असा आमच्या टेबलावर नियम आहे. मुलांना सुरुवातीला तो जाच वाटतो. नंतर तीच एकमेकांना दटावतात.

सर्व्होपाशी मात्र आम्ही रेंगाळतो आणि रेंगाळायलाच हवं. सर्व्हो आधी वीज देऊन मधल्या स्थितीत आणायचा, मगच त्याचा हात स्क्रूने बसवायचा. त्या हाताला ओळीने भोकं असतात आणि शेपटीच्या पट्टीवर बसवलेल्या छोट्या दांड्याला, म्हणजे हॉर्नलाही असतात. तार सर्व्होच्या आतल्या भोकात घातली की पट्टी कमी हलते, बाहेरच्या भोकात घातली की जास्त. हॉर्नवर बरोबर उलटं. नवशिक्या हाताला पट्टी कमी हललेलीच बरी. पुस्तकातली तरफ मुलांनी आकृती काढून पाठ केलेली असते. इथे ती बोटांनी तार एका भोकातून दुसऱ्या भोकात सरकवतात आणि शेपटीच्या पट्टीचं हलणं मोजपट्टीने मोजतात.

मग दिशा तपासायच्या. ट्रान्समीटरवरची काठी उजवीकडे नेली की उजव्या पंखावरचा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर गेला पाहिजे आणि डावा खाली. काठी आपल्याकडे ओढली की एलेव्हेटर, म्हणजे शेपटीवरची आडवी पट्टी, वर. ‘बाई, हे उलटं फिरतंय!’ अशी हाक हमखास येते. दुरुस्ती ट्रान्समीटरमधल्या एका कळीची असते, पण ती जमिनीवरच व्हायला हवी. या सगळ्या वेळात मोटरचा पंखा काढून बाजूला ठेवलेला असतो. ट्रान्समीटर आधी सुरू, विमान नंतर. बंद करताना आधी विमान. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप थांबते की नाही, तेही टेबलावरच बघून घ्यायचं. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी भरत असताना खोली सोडून कुणीही जायचं नाही आणि मे महिन्यात ती बंद गाडीत कधीच ठेवायची नाही.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, गुरुत्वमध्य. पुस्तिकेत पंखाच्या पुढच्या कडेपासून एक अंतर दिलेलं असतं. दोन्ही पंखांखाली तिथे पेनने खूण करायची, खुणांवर दोन बोटं टेकवायची आणि विमान उचलायचं. नाक खाली गेलं तर बॅटरी मागे, शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे. विमान बोटांवर सपाट राहीपर्यंत हे चालतं, आणि मग बॅटरीची जागा खूण करून पक्की करायची. नाक जड असेल तर विमान खाली डोकं घालतं. शेपूट जड असेल तर ते वर चढतं, वेग हरवतं आणि कोसळतं, आणि सावरताही येत नाही. तयार विमान हातात मिळालेल्या मुलाला यातलं काहीही भेटत नाही.

मोटर न लावता आधी ग्लायडर नीट समजून घ्यायचा, हा क्रम राइट बंधूंचा आहे. १९०३ च्या उड्डाणाआधी १९००, १९०१ आणि १९०२ अशी लागोपाठ तीन वर्षं त्यांनी अमेरिकेतल्या किटी हॉकच्या वाळूत ग्लायडरच उडवले. वळताना नाक उलट्या दिशेला ओढलं जातं ही अडचण त्यांना तिथेच भेटली, आणि १९०२ च्या ग्लायडरला हलणारं सुकाणू लावून त्यांनी ती सोडवली. आमच्या फोमच्या लांब पंखांनाही हीच खोड असते. नुसत्या एलेरॉनने वळवलं तर नाक बाहेर झुकतं, म्हणून सोबत थोडा रडर, म्हणजे शेपटीचं उभं सुकाणू, द्यावा लागतो. शंभरहून अधिक वर्षांपूर्वीचा प्रश्न नववीतल्या मुलीला स्वतःच्या हाताखाली दिसतो, याचा मला फार आनंद होतो.

उडवण्याबद्दल थोडक्यात. रिमोटवरची विमानंही २०२१ च्या ड्रोन नियमांच्या कक्षेत येतात. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरच्या नकाशावर आपलं मैदान हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात आहे, हे आधी पाहावं. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. पहिली फेक मोटर बंद ठेवून, उंच गवतावर, वाऱ्याच्या तोंडाला. ती सरळ गेली की काही सेकंद मोटर लावून वर चढायचं आणि मोटर बंद करायची. पंख्याची पाती मागे मिटतात, मात्र त्यासाठी स्पीड कंट्रोलरचा ब्रेक चालू असावा लागतो. पुढे घारी कुठे घिरट्या घालतात ते बघायचं, कारण वर चढणारी गरम हवा तिथे असते.

माझ्या विनंत्या दोन आहेत. शाळांनी आणि शिबिरवाल्यांनी विमान जोडण्याचं काम मुलांकडून करून घ्यावं. आठवडाभर टेबल द्यावं आणि मैदानावर एकच सकाळ दिली तरी चालेल. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती बनवणं हा प्रशिक्षणाचा भाग आहेच. जिथे ती शाखा नाही, तिथल्या मुलांनी का मागे राहावं?

दुसरी विनंती आपल्याला. रिमोटचा संच सगळ्यांना परवडणारा नाही. आपल्या बालपुरवणीत हाताने फेकायच्या फोमच्या ग्लायडरचा आराखडा पूर्ण मापात छापावा, त्यावर गुरुत्वमध्याची खूण ठळक असावी, आणि नाकात वजन म्हणून किती प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) लावायचं ते मुलांना स्वतः शोधू द्यावं. असा आराखडा मी मोजून, मुलांकडून उडवून तपासून ठेवला आहे. आपण होकार कळवल्यास पुढच्या टपालाने पाठवते. मानधन नको.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा